बेटावरचे एकतीस शिंपले

नरसय्या,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तू असतास तर म्हणाला असतास, "आला बघा मिनिटसाहेब, लागला मोजायला." मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही, हे तुला माहीत आहे. पहिले चार दिवस मी मोजले नव्हते. तोवर तू गेलास हेही खरं वाटत नव्हतं.

तुझा जन्म कुठला, तुझे माग किती, तू किती घरांना धंद्याला लावलंस, हे सगळं परवाच्या सभेत सांगून झालं. आकडे दोन ठिकाणी चुकले होते, पण मी उठून दुरुस्त केले नाहीत. मला दुसरी एक दुरुस्ती करायची होती आणि ती सोळा वर्षं राहून गेली होती. ती कशी झाली तेवढं तुला सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे.

विलायतेत, लँकेशायरमधल्या त्या मिलच्या गावात आपण तिघं एका घराच्या माडीवर राहत होतो. तू, मी आणि करीम. तुला तुझ्या समाजानं धाडलं होतं, मला आमच्या मिलच्या मालकांनी, आणि गुलबर्ग्याच्या करीमला सोलापुरातल्या त्याच्या मामानं. तू आणि मी विणकाम शिकत होतो, करीम यंत्रांचं काम. दोन खोल्या, एक शेगडी, आणि खिडकीच्या फळीवर तुझं पंचांग. ते तुझे वडील दर पाडव्याला टपालानं पाठवायचे आणि तुझ्या हातात पडेपर्यंत वैशाख उजाडायचा. त्या देशात पंचांग बघून दिवस धरणारा तू, आणि रमजानसाठी चंद्र शोधणारा करीम. एरवी मिठावरूनही भांडणारे तुम्ही दोघं महिन्यातून एकदा त्या खिडकीशी डोकं लावून उभे राहायचात.

"दिसली का रे कोर?"

"कुठं? धुरांडंच दिसतंय की."

मी मागून म्हणायचो, "छापील तक्त्यात चंद्र कधी उगवतो ते दिलेलं असतं. मान कशाला मोडता?" तू म्हणायचास, "तक्त्यात चंद्र असतोय होय? बरं, बघ तू तक्त्यातला."

त्या गावाची एक रीत होती. उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या मिली एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं गाव समुद्रावर जायचं. पहिल्या दिवशी धुरांड्यांतून धूर निघेना तेव्हा तू घाबरून मला उठवलंस, "अरे सदा, गाव मेलं का काय!" मग घरमालकिणीनं समजावलं, आणि आपणही जायचं ठरलं. शुक्रवार ते रविवार, वेल्सच्या किनाऱ्यावर. मी तीन दिवसांचा तक्ता केला. कुठली गाडी, कुठं उतरायचं, किल्ल्याला किती वेळ, जेवणाला किती. करीमनं तो वाचून विचारलं, "इसमें हसने का टाइम किधर है रे?"

बोटीतून आपण अठरा दिवस समुद्र पाहत आलो होतो, पण त्याला पाय लावला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तू पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरलास आणि ओरडलास, "लई गार हाय! सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा लई गार!" वाळूतल्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी आधी आपल्याकडे टक लावून बघत होती. तुझा तो ओरडा ऐकून एक म्हातारी हसली, आणि मग सगळेच हसले. तुला त्याचं काही नव्हतं. रात्री खानावळीतल्या बाईनं उकडलेले बटाटे वाढले. तू खिशातून शेंगाचटणीचा डबा काढलास आणि चिमूटभर तिच्याही ताटात घातलीस. तिनं डोळे पुसत पुसत आणखी मागितली.

तिथून मैलभरावर एक लहान बेट होतं. ओहोटी आली की वाळूतून तिकडे जाणारी वाट उघडी पडायची आणि भरतीला बुडायची. रविवारी सकाळी तिकडे जायचं आणि दुपारची चार वाजून पाच मिनिटांची गाडी धरायची, असं माझ्या तक्त्यात होतं. रविवारची तीच शेवटची गाडी. ती चुकून चालणार नव्हतं, कारण सोमवारी सकाळी आठ वाजता मँचेस्टरला यंत्रांच्या एका कारखान्याचा माणूस करीमला भेटणार होता. कारखाना हिंदुस्थानात यंत्रं बसवायला माणूस शोधत होता. त्यानं करीमचं काम पाहिलं होतं, फक्त शब्द द्यायचा राहिला होता. आणि तो माणूस त्याच दुपारी बोटीनं निघणार होता.

वाट किती वाजता बुडते ते मी खानावळीच्या बाईंना विचारलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: दोन वीस.

आता माझी चूक सांगतो. ती आळसाची नव्हती, काळजीची होती, म्हणूनच कबूल करायला जड गेली.

माझे वडील सोलापूरच्या मालधक्क्यावर होते. माझ्या लहानपणी स्टेशनचं घड्याळ एक वेळ दाखवायचं आणि गावातलं दुसरी. घरात कुणी पाच वाजले म्हटलं की वडील विचारायचे, "कुठले पाच?" त्या प्रश्नावरच मी वाढलो. विलायतेत गेलो तर तिथंही तोच प्रकार. उन्हाळ्यात सगळे लोक घड्याळ तासभर पुढं करायचे, पण भरतीओहोटीचे छापील तक्ते जुन्याच वेळेचे, खाली बारीक अक्षरात सूचना: उन्हाळ्यात एक तास मिळवावा. ती सूचना मी वाचली होती. मी धरून चाललो की बाईंनी तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उतरवला असणार. तेव्हा मी एक तास मिळवला. वाट बुडणार तीन वीसला.

तू बूट घालता घालता म्हणालास, "तीन कसं? काल मी इथनंच बघितली की. दीडचे टोल पडले आणि वाट पाण्याखाली गेली."

"कुठल्या वेळेचे टोल?"

"ह्यांच्या देवळाच्या वेळेचे! हे बघ, चंद्र रोज दोन घटका उशिरा येतोय. त्याच्यामागं पाणी येतंय. काल सप्तमी, दीड. आज अष्टमी, दोन घटका जास्ती. म्हणजे सव्वादोन. आणि बाईनं लिवलंय दोन वीस. जुळतंय की नाही?"

"अरे, हे पंचांग इथं चालत नाही."

"पंचांग चालत नसंल. चंद्र तर तोच हाय की?"

मी कागद काढून ग्रिनिचची वेळ आणि उन्हाळी वेळ, दोन्ही मांडून दाखवल्या. करीम दारातून ओरडला, "चलो भाई! सदा बोला तो बरोबरच असंल." त्याला माझ्यावर विश्वास होता. परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि मी त्याला रोज संध्याकाळी दोन तास गणित शिकवत होतो. तू एकदा कागदाकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालास, "बरं बाबा. गणित तुझं."

बेटावर किती बरं वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण शेवट आठवला की आधीचं सगळं काळवंडायचं. आज सांगतो. वारा होता, ऊन होतं, खडकांवर मिशाळ सील प्राणी पडले होते आणि करीम त्यांना सलाम करत होता. तुझ्या मोठ्या रुमालात पाव बांधून आणला होता. जेवण झाल्यावर तू रुमाल झटकलास आणि घडी घालून खिशात ठेवलास. मी खडकावर आडवा झालो. माझ्या तक्त्यात नसलेली दहा मिनिटं मी झोपलो. करीम पुन्हा सीलांकडे गेला आणि तू बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेलास.

ठरल्याप्रमाणे पावणेतीनला मी आणि करीम वाटेच्या तोंडाशी आलो. वाट नव्हती. मधल्या खोलगट भागात कमरेइतकं पाणी होतं आणि ते जोरानं वाहत होतं. करीमनं बूट काढून पाऊल घातलं आणि ओढ लागताच मागं उडी मारली.

"वक्त किती झाला? तू तर बोलला होता वेळ आहे!"

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. बाईंनी मिळवलेला तास मी पुन्हा मिळवला होता. मी खिशातून बाईंची चिठ्ठी काढली. तेवढ्यात तू मागून धापा टाकत आलास. पाण्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि करीमला म्हणालास, "माझ्यामुळं झालं. मी तिकडं शिंपले वेचत बसलो. सदानं हाका मारल्या, मला ऐकूच आल्या न्हाईत."

करीमकडे घड्याळ नव्हतं, आणि मी बोलावीपर्यंत तो लांब सीलांपाशी होता. त्याला ते पटलं. त्यानं तुला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. मग तो दूर जाऊन पाठ करून बसला.

मी तुझ्याजवळ येऊन म्हणालो, "हे काय केलंस? मी आत्ता जाऊन सांगतो."

तू माझा दंड धरलास. "गप बस. दीड महिना त्याला तुझ्याकडनं शिकायचंय. माझ्याकडनं काय शिकायचंय? माझ्यावर रुसला तर चालतंय. तुझ्यावर रुसला तर नोकरी तर गेलीच, परीक्षाबी जाईल."

"पण खोटं..."

"परीक्षा झाली की सांग. मी कुठं नको म्हणतोय?"

नंतर पाणी उतरेपर्यंतचे सहा तास तू त्या वाटेच्या तोंडाशी वाकून वाकून शिंपले वेचत राहिलास. मला तुझा राग आला. एका माणसाची नोकरी बुडते आहे आणि हा खेळतो आहे, असं मनात आलं. पावणेनऊला, उजेड होता तोवरच, आपण गुडघाभर पाण्यातून परत आलो. बाई शाल घेऊन किनाऱ्यावर उभ्या होत्या. "मी तर घड्याळाचीच वेळ लिहिली होती," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. करीम तेव्हा पुढं निघून गेला होता. तो सोमवारी अकराला मँचेस्टरला पोचला. तो माणूस गेला होता.

तीन आठवडे करीम तुझ्याशी बोलला नाही. एकाच शेगडीवर त्याचा चहा वेगळा व्हायचा. मी त्याला रोज दोन तास शिकवत राहिलो. तो परीक्षा पास झाला, वरच्या नंबरानं. त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "आज नको, आज तो खुशीत आहे." पुढं म्हणालो, बोटीवर सांगतो. मग म्हणालो, घरी गेल्यावर. त्यानंतर तू बघायचं सोडलंस, आणि ते सोडलंस म्हणून मला सोपं गेलं.

करीम गुलबर्ग्याच्या एका मिलमध्ये फिटर झाला. संसार चांगला चालला, पण ती यंत्रं बसवत देशभर हिंडायची नोकरी त्याला पुन्हा मिळाली नाही. तुमचं बोलणं केव्हाच सुरू झालं होतं. सोलापूरला आला की तो तुझ्याकडेच उतरायचा. मागाच्या खोलीत फळीवर तुझी शिंपल्यांची काचेची बरणी असायची. करीम आल्या आल्या ती उचलून खडखड वाजवायचा आणि बसलेल्यांना सांगायचा, "ये देखो, माझी नोकरी! नरसय्यानं बरणीत भरून ठेवली आहे." सगळे हसायचे. तूही हसायचास, मला वाटतं सगळ्यांत जास्त. मी बशीतला चहा फुंकत बसायचो.

सोळा वर्षांत हे किती वेळा झालं ते मी मोजलेलं आहे, पण तो आकडा लिहीत नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी करीम आला. लक्ष्मीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी दाराशी. करीम मागाच्या खोलीत गेला. सवयीनं त्याचा हात बरणीवर गेला. बरणी एकदा वाजली आणि थांबली. तो ती छातीशी धरून बाहेर आला आणि उभ्या उभ्या रडायला लागला. "आता कुणाला बोलू, भाबी? कुणाला चिडवू?"

तेव्हा मी सांगितलं. बसल्या जागेवरून, वहिनींच्या देखत, क्रमानं. बाईंची चिठ्ठी, माझा तास, तुझ्या दोन घटका, परीक्षा, सगळं. सांगताना मला वाटलं होतं की अडखळेन. अडखळलो नाही. इतक्या वेळा मनात म्हटलेलं होतं.

करीमनं बरणी हळूच वहिनींपुढं ठेवली. मग म्हणाला, "किती वर्षं झाली?"

"सोळा."

"तुला तर दिवस पण ठाऊक असतील."

मी दिवस सांगितले.

"हौ. मोजलेस बरोबर. बोलला नाहीस." तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मला वाटलं तो आता स्टेशनची वाट धरील, आणि ते योग्यच होईल. मी उठलो नाही.

वहिनी बरणीकडे बघत म्हणाल्या, "तरीच. मी त्यांना विचारायची, अख्खं बेट हिंडलात आणि सगळे शिंपले एकाच जातीचे कसे? तर म्हणायचे, एकाच जागी बसून वेचले. सदाअण्णा, मग हे वेचले कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मलाच तेव्हा कळलं. जेवणानंतर तू झटकलेला रुमाल खिशात घडी घातलेलाच होता. धापा टाकत आलास तेव्हा हात रिकामे होते आणि पळताना खिशात काही खडखडलं नव्हतं. तू आधी बोललास आणि मग सहा तास वाकून आपलं बोलणं खरं करत होतास, म्हणजे करीमनं कधी विचारलं तर दाखवायला शिंपले असावेत. मी खडकावर बसून तुझ्यावर चिडलो होतो, आणि तू माझ्यासाठी पुरावा गोळा करत होतास.

करीम परत आत आला. डोळे लाल, पण आवाज त्याचा नेहमीचा. "मला त्याच्यावर रागवायचं होतं, तो गेला. आता दोघांचा राग तुझ्या एकट्यावर. पुढच्या खेपेला तुझ्याच घरी उतरणार, आणि रोज ऐकवणार. कबूल?"

"कबूल."

"आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच धरायचं. वर काय मिळवायचं नक्को."

वहिनी पदराआड हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

नरसय्या, मी तुझी माफी मागायला बसलो नाही. ती मागितली असती तर तू विषय बदलला असतास. मला हिशेबात धरता न येणारी एक गोष्ट तुझ्याजवळ होती आणि ती सोळा वर्षं मला फुकट मिळत राहिली, तेवढं मान्य करायला बसलो आहे. ज्याचा आकडा चुकत नाही, अशी माझी ओळख मिलमध्ये झाली. तिच्या मुळाशी तुझं एक वाक्य होतं, 'माझ्यामुळं झालं.' आणि तू ते कधी, थट्टेतसुद्धा, माझ्यापुढं ठेवलं नाहीस.

आपला एक वाद मात्र अर्धाच राहिला. तू कापडावर नख फिरवून इंचातले धागे सांगायचास, मी भिंग लावून मोजायचो. शेवटच्या खेपेला तू म्हणालास छप्पन्न, भिंगात आले अठ्ठावन्न. तू म्हणालास, "तुझं कापड ओलं हाय, आवळलंय. वाळू दे, मग मोज." मी तेव्हा हसलो. ते कापड अजून माझ्या मेजावर आहे. काल ते वाळलेलं होतं आणि भिंग शेजारीच होतं. मी मोजलं नाही. छप्पन्न असू दे.

वहिनींनी बरणीतले शिंपले मला आणि करीमला वाटून दिले. एकतीस होते. पंधरा त्यानं घेतले, पंधरा मी, आणि एक तुझ्या मागाच्या खोलीतल्या फळीवर, बरणीतच ठेवला. सोबत वहिनींनी तुझं या वर्षाचं पंचांग मला दिलं. म्हणाल्या, "आता यात बघणारं घरात कुणी न्हाई."

ते मी आज उघडलं. ज्येष्ठ वद्य सप्तमी. म्हणजे त्या किनाऱ्यावर आज दीडला वाट बुडेल आणि उद्या अष्टमीला, दोन घटका पुढं, सव्वादोनच्या सुमारास. उद्या तिथीनं त्या दिवसाला सोळा वर्षं पुरी होतात. तुझ्याच रीतीनं काढलं आहे. माझ्या पदरचं एकही मिनिट त्यात घातलेलं नाही.

तुझा,
सदाशिव